घरच्या घरी कॅमशाफ्टचे ऑईल सील बदलताना : हत्यारे कोणती विकत घ्यावीत, कोणती करून घ्यावीत



या अंकात खोडव्याच्या निगेविषयी लिहावे असे आम्ही ठरविले होते. परंतु गेल्या उन्हाळ्यात जिवतीला जे पाहिले ते आधी सांगावेसे वाटले. खोडवा पुढच्या अंकी येईलच.

जिवती म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचे दक्षिणेकडचे टोक. माणिकगडच्या डोंगरावरचा हा तालुका, पूर्वी राजुरा तालुक्यातच मोडत असे. पलीकडे तेलंगणाची हद्द लागते. कोलाम, गोंड ही तिथली मूळची मंडळी. आणि १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून पोटासाठी गेलेली पुष्कळ कुटुंबे तिथेच स्थिरावली. त्यांत आपल्या काही सभासदांची भावकीही आहे. अशाच एका सभासदांबरोबर त्यांच्या घरच्या लग्नासाठी आम्ही गेलो होतो. त्यांच्या पुतण्याच्या दारात छोटा हत्ती उभा होता. इंजिनाखाली घमेले मांडलेले, आणि घमेल्यात थेंब थेंब काळे ऑईल पडत होते.

पुतण्या म्हणाला, "काका, सहा महिन्यांत दोनदा सील बदललं. दोन्ही वेळा मीच बदललं. महिनाभर बरं चालतं, की पुन्हा सुरू." गाडीवर बँकेचा हप्ता आहे. डोंगर उतरून गडचांदूर, नाही तर पुढे राजुरा गाठल्याशिवाय धड मिस्त्री नाही. कापूस-तुरीच्या दिवसांत गाडी दोन दिवस उभी राहिली तर हप्ता कशातून भरायचा? म्हणून पोरगा घरीच पाना उचलतो. त्यात त्याचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही. चुकली ती हत्यारे.

आपल्याकडे वेगळे काय आहे? छोटा हत्ती आपल्याही वस्त्या-वस्त्यांवर आहे. बेणे, खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या सगळे त्यावरच येते. मागच्या लागणीत एका सभासदाचे बेणे भरलेले वाहन असेच तेल गळून वाटेत बसले. बेणे दीड दिवस उन्हात सुकले, आणि उगवणीत पडलेल्या तुटी आम्ही स्वतः पाहून आलो. तेव्हा शेतकी खात्याचा या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारू नये.

आधी हे सील असते कुठे ते पाहू. सगळ्याच इंजिनांना कॅमशाफ्टचे बाहेरचे सील नसते. आपले विहिरीवरचे किर्लोस्कर ए.व्ही.१ घ्या : ५ अश्वशक्तीचे, १५०० फेऱ्यांचे, एका उभ्या सिलिंडरचे. त्याचा कॅमशाफ्ट क्रँककेसच्या आतच दातेरी चाकावर फिरतो. तेल आतल्या आत राहते. बाहेर गळते ते बहुधा क्रँकशाफ्टच्या सीलमधून. बहुतेक ट्रॅक्टरांचेही तसेच. कॅम खाली ब्लॉकमध्ये, पुढे टायमिंगचे झाकण, आणि झाकणातले सील क्रँकचे. परंतु ज्या इंजिनात कॅमशाफ्ट वर हेडमध्ये बसविलेला आहे आणि तो बाहेरच्या रबरी टायमिंग बेल्टवर फिरतो, तिथे शाफ्टचे टोक हेडच्या बाहेर काढावेच लागते. बेल्ट कोरडा राहिला पाहिजे आणि शाफ्ट तेलात राहिला पाहिजे. या दोहोंच्या मध्ये जी रबरी कडा उभी असते तेच कॅमशाफ्टचे ऑईल सील. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८००, त्याच जातीचे इंजिन असलेली ओम्नी, आणि २००५ साली आलेला टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती, त्याचे ते दोन सिलिंडरचे ७०२ सी.सी. डिझेल इंजिन, ही सगळी याच पंथातली.

सील हातात घेऊन बघा. बाहेर पत्र्याचे कडे, त्यावर कधी रबराचा थर. आत रबराची धारदार ओठासारखी कडा. त्या ओठामागे बारीक तारेची गोल स्प्रिंग. ही स्प्रिंग ओठाला शाफ्टवर हलकेच दाबून धरते. सगळे काम त्या ओठाच्या रेषेवर चालते. बेण्याच्या डोळ्याला जसे आपण जपतो, कांडी फेकू नका, डोळा खाली घासू नका म्हणून मजुरांना ओरडतो, तसेच या ओठाला जपावयाचे. हत्यार निवडताना विचारावयाचा प्रश्न एकच : हे हत्यार ओठाला, शाफ्टला आणि सीलच्या घराला धक्का न लावता काम करील काय?

सीलवर आकडे असतात. उदाहरणार्थ ३५-५०-८. म्हणजे शाफ्ट ३५ मिलिमीटरचा, घराचे भोक ५० चे आणि सीलची जाडी ८. काही सीलांवर बाणही असतो. तो शाफ्ट फिरण्याची दिशा दाखवितो. उलट्या दिशेचे सील बसविले तर ते तेल आत ढकलण्याऐवजी बाहेर काढील. रबर साधे नायट्रिल असेल तर साधारण शंभर अंशांच्या आसपासच्या उष्णतेपर्यंत नीट टिकते. व्हिटॉनचे असेल तर दोनशेच्या आसपास. व्हिटॉन पुष्कळदा तपकिरी किंवा हिरवे असते, परंतु नुसत्या रंगावर विसंबून घेऊ नये. डबीवर काय लिहिले आहे ते वाचावे. हेडमधल्या सीलला व्हिटॉन मिळत असेल तर चार पैसे जास्त गेले तरी घ्यावे असे आमचे मत आहे.

आता हत्यारांकडे. परंतु त्याआधी एक काम आहे आणि त्याला हत्यार म्हणून एक फडके, थोडे डिझेल आणि डबीभर अंगाला लावायची पावडर एवढेच लागते. गळती खरोखर सीलचीच आहे काय, हे पाहावे. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले की तेल वरून ओघळते, आणि पुढच्या बाजूने खाली येऊन हुबेहूब सील गळल्यासारखे दिसते. इंजिन थंड असताना जागा डिझेलने पुसून कोरडी करावी, पावडर मारावी, थोडा वेळ इंजिन चालवावे आणि बंद करून बॅटरीच्या उजेडात पाहावे. (फिरत्या बेल्टजवळ फडके, बाही, हात काही नेऊ नये. हे सांगायला नको, तरी सांगतो.) ओल्या रेघेचा उगम जिथे सापडेल ते खरे.

दुसरे म्हणजे ब्रीदर. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतच असतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदरची नळी दिलेली असते. ती काजळीने बुजली किंवा कुठे दुमडली की आत दाब साठतो आणि तो दाब सर्वांत कमजोर जागेतून, म्हणजे सीलच्या ओठातून, तेल बाहेर ढकलतो. अशा इंजिनाला सोन्याचे सील घातले तरी गळेल. जिवतीच्या गाडीत आम्ही ही नळी काढून फुंकून पाहिली, तर फुंकर पलीकडे जाईना. दोनदा सील बदलले, पण नळीकडे कोणी पाहिलेच नव्हते. निम्मे दुखणे तिथेच होते.

उरलेले निम्मे दुखणे शाफ्टवर होते. जुने सील उपटताना पेचकसाचे टोक शाफ्टवर घसरले होते. केसाएवढा ओरखडा, परंतु नेमका ओठ बसतो त्या रेषेवर, आडवा. नखाने चाचपले तर नख अडकत होते. नख अडकले म्हणजे तेलही तिथून वाट काढणार. पोराचा चेहरा उतरला. त्याला बरे वाटावे म्हणून आम्ही आमचीही गोष्ट सांगितली. आमच्याजवळ जुनी ओम्नी होती तेव्हा आम्ही फुशारकीने सील घरी बदलले; लाकडाचा ठोकळा आणि हातोडी, बस्स. सील तिरके गेले, ओठ आत दुमडला आणि मागची स्प्रिंग निसटून पडली. आम्हांला पत्ताच नाही. चाळीसेक किलोमीटरवर बेल्ट तेलात न्हाऊन निघाला होता. शंभर रुपयांचे हत्यार वाचविले आणि सील, बेल्ट, गाडी ओढून आणण्याचे भाडे असा सगळा भुर्दंड पडला. घरच्यांनी जे ऐकविले ते वेगळेच.

असो. पहिले हत्यार काढण्याचे. बाजारात तीन तऱ्हा मिळतात. एक, आकड्यासारखा सील पुलर : लांब दांडा, टोकाला बोथट वाकडे नाक. ते नाक ओठाच्या आत घालून सीलच्या कड्यामागे अडकवायचे आणि दांडा टेकवून उचलायचे. ट्रॅक्टरच्या चाकाचे, गिअरबॉक्सचे मोठे सील याने झकास निघते. परंतु कॅमच्या सीलमध्ये शाफ्ट जागेवरच असतो. ओठ आणि शाफ्ट यांच्यात हे जाड नाक शिरत नाही, आणि जबरदस्तीने शिरविले की ओरखडा ठरलेला. तेव्हा हा पुलर घरी जरूर असावा, पण या कामाला तो चालत नाही. दुसरी तऱ्हा पातळ नखांची : शाफ्टवर सरकणारी नळी, तिला दोन पातळ नखे, नखे ओठाखालून सरकवून फिरवली की कड्यामागे अडकतात, आणि मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकवून आवळला की सील सरळ बाहेर येते. कॅमच्या सीलसाठी खरे हत्यार हे. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. नखे आपल्या शाफ्टच्या मापाला उघडतात काय. नखांची आतली बाजू गुळगुळीत घासलेली आहे काय. आणि स्क्रूचे टोक शाफ्टच्या भोकातले आटे खराब करील असे टोकदार तर नाही ना. टोकदार असेल तर मध्ये पितळी गोटा किंवा जुना बोल्ट भोकात हाताने बसवून त्यावर टेकवावे.

तिसरी तऱ्हा गरिबाची, आणि ती आम्ही वाईट म्हणणार नाही. सीलच्या पत्र्याच्या कड्यात समोरासमोर दोन मिलिमीटरची दोन भोके पाडून त्यांत दोन छोटे स्क्रू पिळावयाचे आणि पकडीने आलटून पालटून ओढावयाचे. जिवतीला आम्ही असेच काढले. मात्र ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून तीनच मिलिमीटर टोक उघडे ठेवावे, म्हणजे ते मागे खोल जाणार नाही. टोकाला ग्रीस फासावे, म्हणजे कीस त्यात चिकटून येईल. इंजिनात गेलेला कीस थेट बेअरिंगला जाऊन भिडतो. भोक शाफ्टकडे कलू देऊ नये. घर अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे असते, त्याला बाहेरून पेचकस टेकवून रेटा देऊ नये. तिथे खाच पडली तर तेल सीलच्या बाहेरच्या अंगाने येईल आणि तुम्ही आत शोधत बसाल.

काढण्याच्याही आधी कॅमची पुली उतरवावी लागते, आणि सर्वांत मोठे नुकसान इथे होते. पुलीचा बोल्ट घट्ट असतो. तो सोडताना पुली फिरू नये म्हणून काही जण टायमिंग बेल्टच पकड म्हणून वापरतात. बेल्टचे दाते त्यासाठी नाहीत. काही जण पुलीच्या दात्यांत पेचकस अडकवितात, दाता तुटतो. यासाठी दोन पिनांचा पकड-पाना मिळतो : लांब पट्टी, तिला दोन पाय, पाय पुलीच्या भोकांत बसतात. हा विकत घेण्याची गरज नाही. पाच-सहा मिलिमीटर जाड आणि दोन फूट लांब अशा दोन लोखंडी पट्ट्या कैचीसारख्या एका बोल्टवर जोडाव्यात, टोकांना दोन बोल्ट उभे बसवावेत. अंतर कमी-जास्त होते, म्हणून एकच पाना पुष्कळ गाड्यांना चालतो. गावचा वेल्डर अर्ध्या दिवसात करून देतो. आमचा तर मोडक्या नांगराच्या पट्टीचा आहे.

बेल्ट उतरविण्यापूर्वी टायमिंगच्या खुणा जुळवून, त्यांवर पांढऱ्या रंगाने आपल्या हाताने खुणा करून ठेवाव्यात. बॅटरीची ऋण तार काढावी. डिझेल इंजिनात व्हॉल्व आणि पिस्टन यांच्यात जागा फार थोडी असते. बेल्ट नसताना कॅम किंवा क्रँक वाटेल तसा फिरविला तर व्हॉल्व पिस्टनवर आदळून वाकतो. ज्या इंजिनाला कॅम अडकवून ठेवण्याच्या पिना दिलेल्या आहेत तिथे त्याच मापाच्या पिना वापराव्यात. ड्रिलच्या मागच्या टोकाने काम भागते असे सांगणारे भेटतील, पण ते कडक पोलाद मोडले तर तुकडा आत राहतो. ही पिनांची जोडी ज्या-त्या इंजिनाची वेगळी असते. आपल्या गाडीचे नाव आणि साल सांगूनच मागावी. आणि अडकविलेली पिन बोल्ट सोडण्याचा जोर घेण्यासाठी नाही, तो जोर पकड-पान्याने घ्यावयाचा.

आता बसविण्याचे हत्यार. इथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण सील सरळ बसले की निम्मी लढाई जिंकली.

सीलवर ठोकावयाचे ते फक्त बाहेरच्या कड्यावर, चहूबाजूंनी सारखे. पुष्कळ जण सीलच्या मापाची मोठी गोटी उलटी धरून हातोडी मारतात. माप जुळले तर चालते. परंतु कॅमशाफ्टचे टोक पुढे आलेले असते, आणि गोटीची आतली खोली कमी पडली तर गोटी सीलवर न टेकता शाफ्टवर टेकते. मग मारा किती! दुसरे, गोटीची कड आतून गोल असते, ती ओठावर दाबते. पी.व्ही.सी. पाईपचा तुकडा गोटीपेक्षा बरा, पण त्याची कापलेली कड काटकोनात असली पाहिजे. करवतीने हाताने कापलेली कधीच नसते. लेथवर एक काट मारून घेतली तर पाईपही चालेल.

त्यापेक्षा लेथवर बुशच फिरवून घ्यावा. आम्ही गडचांदूरला उतरून असाच करून घेतला. तिकडे सिमेंटच्या कारखान्यांमुळे लेथवाल्यांना कामाची सवय आहे. अ‍ॅल्युमिनियमचा किंवा नायलॉनचा गोल दांडा द्यावा. सील ५० चे असेल तर बुशचे बाहेरचे माप ४९, म्हणजे घराच्या भिंतीला घासणार नाही. आतले भोक साधारण ४२, म्हणजे दाब फक्त कड्यावर येईल आणि ओठाला स्पर्श होणार नाही. भोकाची खोली शाफ्टचे पुढे आलेले टोक मावून वर थोडी उरेल एवढी. आणि महत्त्वाचे म्हणजे बुशला एक खांदा ठेवावा, घराच्या भोकापेक्षा मोठ्या व्यासाचा. सील घराच्या तोंडापासून जेवढे आत बसवायचे असेल तेवढीच खांद्यापुढची लांबी ठेवावी. खांदा घराच्या तोंडावर टेकला की सील आपोआप योग्य खोलीवर थांबते, तिरके होण्याचा प्रश्नच नाही. ही खोली जुने सील काढण्यापूर्वी व्हर्नियरने चार ठिकाणी मोजून भिंतीवर लिहून ठेवावी. कागदावर लिहिले तर तो कागद तेल पुसायला जातो, हा अनुभव आहे.

हातोडीही टाळता येते. पुलीचा बोल्ट ज्या आट्यांत बसतो त्याच आट्यांचा लांब स्टड घ्यावा, त्यावर बुश, जाड वॉशर आणि नट. स्टड हाताने शाफ्टमध्ये निदान आपल्या जाडीएवढा आत गेला पाहिजे. दोन आट्यांवर जोर दिला तर शाफ्टचे आटे उपटतात, आणि मग कॅमशाफ्टच बदला. नट आवळत गेले की बुश सीलला शांतपणे आत दाबतो. नटाबरोबर स्टड आणि कॅम फिरू नये म्हणून स्टडच्या बाहेरच्या टोकाला दोन नट एकमेकांवर घट्ट करून दुसऱ्या पान्याने धरावे. बाजारातले तयार संच याच तत्त्वावर असतात. चाळीस तुकड्यांची चकचकीत पेटी असते, त्यांतले तीन तुकडे आपल्या कामाचे आणि बाकीचे अशा परदेशी गाड्यांचे की ज्या आपल्या तालुक्यात अजून फिरकलेल्या नाहीत. एकट्या शेतकऱ्याने अशी पेटी घेऊ नये. मात्र आट्यांची जात तपासावी. एकाच जाडीच्या बोल्टला बारीक आटे आणि जाड आटे दोन्ही असतात. जुना बोल्ट दुकानात घेऊन जावा आणि नट त्यावर हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहावा.

सील शाफ्टवर चढविताना चावीच्या खाचेची धार ओठ कापते. त्यासाठी पातळ प्लॅस्टिकची बाही लागते. जुन्या एक्स-रेची फिल्म कापून शाफ्टवर गुंडाळली, तेलाचा हात लावला आणि सील तिच्यावरून सरकविले की झाले. मग फिल्म ओढून घ्यावी. ओठाला आणि शाफ्टला इंजिन ऑईलचा हात लावावा. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत. हल्लीच्या काही गाड्यांत टेफ्लॉनचे सपाट ओठाचे, विनास्प्रिंगचे सील येते. त्याला मात्र तेल लावावयाचे नसते, कोरडेच चढवितात, आणि ते ज्या प्लॅस्टिकच्या कड्यावर येते त्याच कड्यावरून सरकवावयाचे. असे सील हातात आले तर डबीवरची सूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जिवतीच्या शाफ्टवरच्या ओरखड्याचे काय केले? बाजारात अशा झिजलेल्या शाफ्टवर चढवावयाची पातळ स्टेनलेस पोलादाची बाही मिळते, परंतु ती चंद्रपूरहून मागवावी लागली असती. आम्ही मागे पाहिले, घरात आणखी जागा होती. सीलच्या मागे तेल परतण्याचे भोक असते. ते झाकले जाणार नाही याची खात्री केली आणि बुशच्या खांद्यापुढची लांबी दीड मिलिमीटर जास्त ठेवून घेतली. म्हणजे नव्या सीलचा ओठ ओरखड्याच्या पुढे, कोऱ्या जागेवर बसला. ओरखड्याचा उभा राहिलेला काठ फार बारीक पॉलिश पेपरने, तेल लावून, शाफ्टच्या गोलाईने पुसला. लांबीच्या दिशेने कधी घासू नये. त्या रेघा तेलाला रस्ताच करून देतात.

तेलात भिजलेला बेल्ट पुसून परत घालण्याचा मोह पोराला झाला होता, वरून चांगला दिसत होता म्हणून. तो आम्ही घालू दिला नाही. रबरात मुरलेले तेल पुसून निघत नाही. नवा बेल्ट आणि टेन्शनरचे बेअरिंग खर्डकन आवाज करीत होते म्हणून तेही आणविले. एवढे उघडलेच आहे तर खालचे क्रँकचे सीलही त्याच वेळी पाहून घ्यावे.

पुलीचा बोल्ट आवळताना टॉर्क पाना लागतो. काट्याचा पाना स्वस्त आणि बिघडायला त्यात फारसे काही नाही. कट्ट करणारा पाना सोयीचा, पण काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर सैल करून ठेवावी. टॉर्कचा आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्यावा, शेजाऱ्याच्या गाडीचा नको. जुन्या पुस्तकांत आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात, नव्यांत न्यूटन-मीटरमध्ये; एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर. हा घोळ झाला तर बोल्ट तुटेल नाही तर सुटेल. पाना नसेल तर दारातला ताणकाटा कामी येतो. दांड्यावर बोल्टच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर ताणकाटा अडकवून काटकोनात १० किलोपर्यंत ओढले, की ५ किलोग्रॅम-मीटर झाले. ही काटकसर तात्पुरती. पाच-सहा जणांनी मिळून एक टॉर्क पाना घ्यावा हे बरे.

बेल्ट चढविल्यावर थेट स्टार्टर मारू नये. क्रँकला पाना लावून हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवाव्यात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते, म्हणून दोन. मध्येच कुठे कडक अडल्यासारखे वाटले तर जोर लावू नये, थांबावे. व्हॉल्व पिस्टनला टेकला असण्याची शक्यता असते. दोन फेऱ्यांनंतर सगळ्या पांढऱ्या खुणा परत जागेवर आल्या तरच पुढे. जिवतीला पहिल्या वेळी आमची खूण एका दात्याने चुकली होती. लग्नघरचा मांडव, बाजूला दहा-बारा पाहुणे उभे, आणि आम्ही पुन्हा बेल्ट उतरवला. लाज वाटली खरी, पण व्हॉल्व वाचले.

दिवाळीत त्या पुतण्याचा फोन आला. घमेले आता कोंबड्यांना पाणी ठेवायला वापरतात म्हणाला.

आपल्या सभासदांसाठी गट कार्यालयात एक पेटी ठेवीत आहोत. तीत पातळ नखांचा पुलर, नांगराच्या पट्टीचा पकड-पाना, काट्याचा टॉर्क पाना, व्हर्नियर आणि छोटा हत्तीच्या कॅम सीलचा एक बुश स्टडसह आहे. पेटी वहीत सही करून दोन दिवसांसाठी मिळेल. नेताना आपले जुने सील बरोबर आणावे, म्हणजे बुशचे माप जुळते की नाही हे तिथेच पाहता येईल. ज्यांनी दुसऱ्या गाडीसाठी किंवा ट्रॅक्टरसाठी बुश फिरवून घेतला असेल त्यांनी गाडीचे नाव, साल, सीलवरचे तीन आकडे आणि बुशची मापे त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावीत. पकड-पान्याचा एक बोल्ट थोडा वाकलेला आहे. तो नवा बसवून होईपर्यंत जपून वापरावा.